रेडिओला उलट बोलणारी गावं



कॉलेजात शिकणारी एखादी मुलगी घरी सांगते, "मी इंटरॅक्टिव्ह डिजिटल मीडियाचा अभ्यास करणार आहे." आई विचारते, "म्हणजे गं काय?" मुलगी सांगते, "जे नुसतं बघायचं-ऐकायचं नाही, ज्याला आपणही उलट बोलू शकतो ते." आता हे मोबाइलबरोबर आलं असं आपल्याला वाटतं. पण आपल्याच भागातली गावं रेडिओशी बोलत होती, तीही 1956 साली.

त्या वर्षी आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, नाशिक, अहमदनगर, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. हे जिल्हे तेव्हा मुंबई राज्यात होते. ट्रान्झिस्टर अजून घरोघर आला नव्हता, रेडिओ गावात मिळून एखादा. त्याच्यासमोर वीसेक जणांचं मंडळ बसायचं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, शिक्षण, पंचायत असे विषय असत.

खरी गंमत कार्यक्रम संपल्यावर होती. रेडिओ बंद झाला की मंडळी उठून जात नसत. ऐकलेल्यावर चर्चा होई, आपल्या गावात हे जमेल का, यावर बोलणं होई. मंडळाचा चिटणीस ते लिहून घेई आणि प्रश्न आकाशवाणीला पाठवी. पुढच्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरं मिळत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्याचं सूत्र होतं. मुळात ही कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांची. तिथे सूत्रात 'वाचा' हा शब्दही होता. आपल्याकडे तो गाळला. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो, कारण मंडळांत अक्षरओळख नसलेले सभासदही होते आणि बोलायला अक्षरओळख लागत नाही.

पॉल न्यूराथ या अभ्यासकाने याची तपासणी केली. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं, अशा तिन्ही ठिकाणी आधी आणि नंतर लोकांना विचारलं. सगळ्यात जास्त माहिती वाढली ती मंडळांच्या गावांत. नुसता रेडिओ असलेली गावं त्यांच्या बरीच मागे राहिली. 1959 पासून अशी मंडळं देशभर सुरू झाली, पुढे हळूहळू थंडावली.

पण बायका कुठे होत्या? रेडिओ गावाच्या बैठकीच्या जागी, कार्यक्रम संध्याकाळी. ती तर चुलीची वेळ! वेळ आणि जागा ठरली की कोण बोलणार हेही ठरतं. त्यासाठी कुणी बाईला मनाई करावी लागत नाही.

बायकांच्या हाती माइक यायला पुढे बरीच वर्षं गेली. तेलंगणात जहीराबादजवळ माचनूर गावी दलित शेतकरी बायकांनी कार्यक्रम तयार केले, पण प्रसारणाचा परवाना मिळेना. मग त्यांनी काय करावं? कॅसेटी भरल्या आणि आपल्या संघमच्या बैठकांत ऐकवल्या. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं सांगितलं होतं. तरी स्वयंसेवी संस्थांना रेडिओ केंद्राची वाट खुली झाली ती 2006 मध्ये. माचनूरचा संघम रेडिओ 2008 मध्ये हवेत गेला. त्याच वर्षी आपल्या साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंगही सुरू झाला. 2010 मध्ये छत्तीसगडच्या सीजीनेट स्वराने तर साध्या फोनवर गोंडीत तक्रार नोंदवायची सोय केली.

आज आपल्या घरात फोन आहे. पण बचतगटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची यादी एकदा उघडून बघा. नाव सुनंदाचं, नंबर नवऱ्याचा. नाव पार्वतीबाईंचं, नंबर लेकाचा, असं किती ठिकाणी आहे? बैठकीचा निरोप तिला रात्री मिळतो, तोही फोनवाल्याला आठवलं तर. पोरगं रीळ बघत बसलेलं असेल तर तेही नाही.

तेव्हा येत्या बैठकीत ही वार्ता मध्ये फोन ठेवून सगळ्यांनी मिळून ऐका. तुमच्या गटात फोन कुणाच्या हाती असतो आणि बैठकीची कोणती वेळ तुम्हाला खरंच जमते, यावर बोला. गटाच्या सचिवताईंनी ते दोन ओळींत लिहावं, नाहीतर बोलून भरून पाठवावं. पुढच्या वार्तेची सुरुवात तुमच्या प्रश्नांपासून करू.