गोळी आणि कमीपणा : एलिन सॅक्स यांचा झगडा

१/६
१९५२ साली पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात झां दले आणि पिएर देनिकेर यांनी मनोरुग्णांवर क्लोरप्रोमाझिनचे उपचार केले. मनोविकारांवरील औषधांचे आधुनिक पर्व येथून सुरू झाले. औषध आले, ते घेण्याची लाज मात्र गेली नाही.

२/६
अमेरिकेच्या एलिन सॅक्स यांचे विद्यार्थिजीवन याची साक्ष देते. मार्शल शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकत असताना त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पुढे येल येथे कायद्याच्या पहिल्याच सत्रात आजार पुन्हा उफाळला. त्यांना खाटेला बांधून बळजबरीने औषध देण्यात आले. निदान झाले : स्किझोफ्रेनिया.

३/६
त्या परतल्या, शिकल्या. मनोरुग्णांना बांधून ठेवण्याच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेला लेख १९८६ मध्ये ‘येल लॉ जर्नल’ने छापला.

४/६
औषधाशी त्यांचे वैर मात्र टिकून होते. गोळ्या जितक्या कमी, तितके आपल्यातले व्यंग कमी, अशी त्यांची धारणा होती. मात्रा घटवावी आणि आजाराने पुन्हा गाठावे, असे वारंवार घडले. गोळी नाकारणे हे खरे तर आजारच नाकारणे होते.

५/६
दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन सुरू केल्यावरही हा झगडा मिटला नव्हता. अखेर त्यांनी औषध स्वीकारले. मनोविश्लेषण आणि आप्तमित्रांची साथही होतीच.

६/६
२००७ मध्ये त्यांचे आत्मकथन आले. तोवर ही गोष्ट मोजक्या जिवलगांनाच ठाऊक होती. नामांकित प्राध्यापिकेलाही उघड बोलण्यासाठी नोकरीतील स्थैर्याची वाट पाहावी लागली. विद्यार्थ्याजवळ तर तेवढेही कवच नसते.