गिटारमधली एक बारीक वायर

१९३०च्या दशकात गिटारला पिकअप, म्हणजे चुंबक आणि तांब्याची कॉइल, लागला. सुरांबरोबर विजेची घूंऽऽ आली. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्या पनवेलात ५०ची. १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइल उलटसुलट जोडून ती दाबली.

पिकअप बदलताना ब्रिजखालची बारीक वायर आपण सहसा पुन्हा झाळतो. ती तारांना, म्हणजे वाजवणाऱ्याच्या हातालाही, अर्थिंगशी जोडते; म्हणून हात लागताच घूंऽऽ शमते. पण अॅम्पला अर्थिंगच नसेल आणि आत बिघाड झाला, तर त्याच वायरने करंट हातात येतो. १९७२ मध्ये स्वान्सीत गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून गेला. तेव्हा गणपतीच्या मंडपात आपण आधी तिसरी पिन बघू, मग सूर लावू.