पाटीलबावा

ग्वाल्हेरजवळील सालबाई या खेड्यात १७ मे १७८२ रोजी झालेल्या तहाने इंग्रज व मराठे यांच्यातील पहिले युद्ध मिटले. या तहाचे मध्यस्थ आणि त्याच्या पालनाचे हामीदार एकच होते : महादजी शिंदे. आदल्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांनी यॉर्कटाऊन येथे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस यास शरण आणले होते. तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, तेव्हा उत्तरेत त्याची गाठ महादजींशी होती.

युद्ध संपताच वॉशिंग्टन आपल्या शेतीवाडीवर परतले. ती शेती गुलाम कसत, हेही विसरता येत नाही. महादजींना परतणे कधीच साधले नाही. परंतु सातारा प्रांतातील कण्हेरखेडची पाटिलकी हा घराण्याचा मूळ मान त्यांनी अखेरपर्यंत मिरविला. पानिपतावर पाय कायमचा अधू झाला, तेव्हा राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचविले. त्यास त्यांनी पुढे भाऊ मानले. १७८४ मध्ये बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक हे पद मिळवून त्याची नायबी त्यांनी स्वतःकडे ठेविली. एवढ्या वैभवातही लोक त्यांना पाटीलबावाच म्हणत.

१७९२ मध्ये ते पुण्यास आले. दरबारात ते सर्व मानकऱ्यांच्या खाली बसले आणि काखेतील गाठोड्यातून नवे जोडे काढून त्यांनी सवाई माधवरावांपुढे ठेविले. वडिलांचे काम तेच आपले, असे म्हणाले. ग्रँट डफने हा प्रसंग नोंदला आहे. हे नाटक होते काय? काही अंशी होतेच. पण बादशाही किताब बादशहाबरोबर जातो, वतन मात्र घराण्यात राहते, हे त्यांच्याइतके कोणास उमगले होते?

उणीव निराळ्या ठिकाणी होती. डी बॉयनने सिद्ध केलेल्या कवायती पलटणी, दिल्लीचा कारभार, राजपुतान्याच्या खंडण्या, सारे एका पुरुषाच्या वजनावर उभे होते. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे महादजी वारले. त्यांना पुत्र नव्हता. गादी कोवळ्या वयाच्या दौलतरावांकडे गेली आणि १८०३ मध्ये अलीगढ व दिल्ली एकाच महिन्यात इंग्रजांच्या हाती पडली.

दौलतरावांनी १८१० मध्ये उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी दिली. त्या छावणीचेच पुढे शहर झाले. त्या भागास आजही लश्कर म्हणतात.