हँडल लॉक, स्टेअरिंग लॉक आणि रॅलीची गाडी

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना जिथं अडखळलो ते गाळलंय, आणि मध्येच शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर सुरू झाला तेवढा वेळही गाळलाय.

आज एका पिनेबद्दल बोलायचंय. करंगळीएवढी लोखंडी पिन. मोटारसायकलचं हँडल लॉक तुम्हाला माहीत आहेच. हँडल एका बाजूला वळवायचं, चावी दाबून फिरवायची, की खट्‌ होऊन हँडल अडकतं. चारचाकीतही तसंच असतं, फक्त ते स्टेअरिंगच्या दांड्याभोवतीच्या कव्हरात झाकलेलं असतं. चावी काढून चाक थोडं हलवलं की आतून तोच खट्‌ आवाज येतो.

ही पिन माझ्या डोक्यात बसली ती माझ्या मावसभावामुळे. आम्ही मूळचे महाळुंगे पडवळचे. त्याला दोन वर्षांपूर्वी रॅलीचं वेड लागलं. आंबेगाव-जुन्नरमध्ये शर्यत म्हटली की बैलगाडा, घाट आणि भंडारा उधळणारी माणसं. यानं एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. आतली सीटं काढली, छताखाली लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करून घेतला आणि डॅशबोर्डवर दोन नवी बटणं आली. एक इग्निशनचा टॉगल स्विच, दुसरं स्टार्टरचं पुश बटण. चावीची गरजच उरली नाही. पण चावीचं कुलूप जागेवरच होतं. ‘ऑन’मध्ये चावी फिरवून तिच्यावर काळी टेप गुंडाळली होती. ती चावी गुडघ्याला लागायची. म्हणून एका दुपारी मेस्तरींनी कुलपातला चावीचा गोल भाग, ज्याला बॅरल म्हणतात, तो तेवढा उपसून काढला. बाकीचं घर स्टेअरिंगच्या दांड्यावर तसंच राहिलं. पिनही आत राहिली.

आता ही पिन काम कशी करते ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पिनेच्या मागे स्प्रिंग असते. तिचा स्वभाव पुढं सरकून दांड्यावरच्या खाचेत बसायचा. तिला मागं धरून ठेवतो तो बॅरलला जोडलेला एक छोटा उंचवटा. म्हणजे कुलूप लावायला ताकद लागत नाही, उघडं ठेवायला लागते. धरून ठेवणारा भाग काढला की पिन मोकळी. मग ती लगेच का बसली नाही? कित्येक वर्षांचं ग्रीस आत वाळून घट्ट झालं होतं, त्यात ती रुतून राहिली. आठवडाभर गाडी व्यवस्थित वळली. आठव्या-नवव्या दिवशी एका नातेवाइकाच्या पडीक रानात सराव चालू होता. ढेकळांवरून गाडी दोन-तीनदा जोरात आपटली आणि पिन सुटली. मी बांधावर उभा होतो. गाडी वळणावर आली आणि वळलीच नाही. सरळ बांधावर चढली. वेग फार नव्हता, पिंजरा होता, पट्टा होता. उजवं मनगट मोडलं, एवढ्यावर निभावलं. बाहेर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, “आरं दादा, स्टेअरिंगच वळंना!” दुसरं वाक्य आईला सांगू नको असं होतं. ते अर्थातच टिकलं नाही.

मला राहून राहून वाटायचं, चोर अडवायला केलेली वस्तू मालकाच्याच अंगावर कशी उलटली? म्हणून तिचा इतिहास शोधायला लागलो.

सुरुवातीच्या मोटारींना आजच्या अर्थानं कुलूप नव्हतं. स्विच लावा, पुढचा दांडा फिरवा, गाडी सुरू. जो बसेल तो चालवेल. आमच्या गावात ‘स्टेअरिंग कुणाच्या हातात’ या प्रश्नाला एक वेगळंच वजन आहे. महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला विदेशी कापड घेऊन निघालेल्या ट्रकसमोर ते आडवे झाले आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. गिरणीत काम करणारा बाविशीतला पोरगा. देशी ड्रायव्हरनं गाडी पुढं न्यायला नकार दिला, तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यानं त्याला उतरवून स्वतः चाक हातात घेतलं, असं सांगतात. आम्ही हे शाळेत दरवर्षी ऐकायचो. कुलपाचा त्या घटनेशी संबंध नाही, गाडी चालूच होती. पण स्टेअरिंगवरचा माणूस बदलला की काय होतं, हे आमच्याकडच्या पोराला मोटार शिकायच्या आधीच माहीत असतं.

तर कुलूप. अमेरिकेत चोऱ्या वाढल्या तशी इग्निशन आणि स्टेअरिंग एकाच चावीनं बंद करणारी कुलपं निघाली. १९३२ च्या फोर्ड गाड्यांत स्टेअरिंगच्या दांड्यावरच असं कुलूप होतं. युरोपात नेमान हे नाव या कुलपाला इतकं चिकटलं की फ्रेंच लोक आजही इग्निशनच्या कुलपाला ‘नेमान’ म्हणतात. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणतो, तसंच. पश्चिम जर्मनीनं १९६१ पासून नव्या मोटारींना चोरीविरोधी कुलूप सक्तीचं केलं. अमेरिकेत तो नियम १ जानेवारी १९७० पासून आला. जनरल मोटर्सनं त्याच्या आधीच, १९६९ च्या मॉडेलांत, इग्निशन डॅशबोर्डवरून उचलून स्टेअरिंगच्या दांड्यावर नेलं होतं.

यातली गंमत बघा. अमेरिकेत हा नियम मालमत्तेच्या रक्षणाचा म्हणून नाही, रस्ते सुरक्षेचा म्हणून आला. चोरलेली गाडी पळवणारा, बहुतेकदा कोवळा पोरगा, ती कुठंतरी आदळतो. चोरी कमी झाली तर अपघात कमी होतील, हा त्यामागचा हिशोब. म्हणजे माणसं वाचवायलाच ही पिन आली. फक्त ती उभ्या गाडीसाठी होती.

धावत्या गाडीत ती बसू नये याची काळजी अभियंत्यांना पहिल्यापासून होती. म्हणून चांगल्या कुलपात दुहेरी सोय असते. नुसती चावी ‘बंद’कडे फिरवून पिन बसत नाही, चावी पूर्ण बाहेर काढावी लागते. पण झिजलेल्या कुलपातून अर्धवट फिरलेली चावीही निसटते. आणि आपल्याकडे घाटात काय चालायचं ते आठवा. माळशेज म्हणा, कसारा म्हणा, उतार लागला की इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, तेवढंच तेल वाचलं! जुन्या ट्रक-जीपला तसलं कुलूप नसायचं म्हणून ते ड्रायव्हर ब्रेकच्या भरवशावर का होईना, वळू तरी शकत. स्टेअरिंग लॉक असलेल्या गाडीत तीच सवय म्हणजे आगीशी खेळ. (कुणी अजूनही करत असेल तर कृपा करून थांबवा.)

स्वीडनच्या साब कंपनीनं वेगळा रस्ता काढला. १९६० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या साब ९९ मध्ये चावी दोन सीटांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याजवळ ठेवली. चावी काढली की स्टेअरिंग नाही, गिअर अडकायचा, तोही रिव्हर्समध्ये. अपघातात चालकाचा गुडघा चावीवर आपटून फुटतो, तेही टळलं. ही कंपनी रॅलीतही मुरलेली होती, एरिक कार्लसन यांनी साबच्या छोट्या गाड्यांत मोठमोठ्या रॅली जिंकल्या होत्या. त्यांचा चावीच्या जागेवर काही परिणाम झाला असं मी म्हणणार नाही, पण मला ती जोडी आवडते.

आता रॅलीकडे येतो. आपल्या भागानं जगातली मोठी रॅली पहिल्यांदा जवळून पाहिली ती १९६८ मध्ये. लंडन ते सिडनी. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, दिल्ली करत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला पोचल्या. तिथून ‘चुसान’ नावाच्या बोटीत चढवून त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईपर्यंत रॉजर क्लार्क पुढं होते, पण सिडनीत जिंकले अँड्र्यू कोवन, साध्या हिलमन हंटरमध्ये. त्यानंतर १९८० मध्ये नझीर हुसेन यांच्या पुढाकारानं हिमालयन रॅली सुरू झाली. पुढं मारुती जिप्सी आली आणि आपल्याकडच्या रॅलीवाल्यांना परवडणारं घोडं मिळालं. नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय रॅली मालिकेच्या फेऱ्या झाल्या. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक रॅलीत धावले, २०२५ ला डकार क्लासिकलाही गेले. माझ्या मावसभावाच्या फोनवर त्यांचाच फोटो आहे.

या सगळ्या खेळाच्या नियमांचं मूळ आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, ‘परिशिष्ट जे’मध्ये आहे. त्यात स्टेअरिंगबद्दल एक साधं वाक्य आहे. त्याचा अर्थ असा, की चोरीविरोधी स्टेअरिंग कुलपाची अडकवण्याची यंत्रणा निकामी केलेली असली पाहिजे. मी ते तीन वेळा वाचलं. चावी काढा असं ते म्हणत नाही. टेप गुंडाळा असंही नाही. अडकणारा भागच निकामी करा.

त्याची कारणं त्याच नियमावलीत इकडं-तिकडं विखुरलेली आहेत. रॅलीच्या गाडीला सगळी वीज एका झटक्यात तोडणारा एक मुख्य स्विच लागतो. तो आतून ओढता आला पाहिजे आणि बाहेर उभ्या माणसालाही. निळ्या त्रिकोणात लाल वीज काढलेलं स्टिकर दिसतं ना, ते त्याचं. समजा गाडी वळणावर उलटली, मागून दर मिनिटा-दोन मिनिटांनी दुसरी गाडी येतेय. मार्शल धावत येऊन वीज तोडतो, चारजण गाडी सरळ करून बाजूला ढकलतात. त्या वेळी चावी कुठाय, चालक शुद्धीवर आहे का, हे विचारायला वेळ नसतो. चाकं वळली पाहिजेत, बास. दुसरं, इंजिन मेलं की पॉवर स्टेअरिंग जड होतं. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. पण जड का होईना, स्टेअरिंग वळतं. सगळं गेल्यावर चालकाच्या हातात शिल्लक राहतं ते तेवढंच, आणि पिन नेमकं तेच काढून घेते.

रस्त्यावरच्या गाड्यांतही चावीनं घात केलेला आहे. २०१४ मध्ये जनरल मोटर्सला सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इग्निशन स्विच इतका सैल, की जड जुडगा किंवा गुडघ्याचा धक्का लागून चावी चालत्या गाडीत फिरायची. इंजिन बंद, स्टेअरिंग जड, एअरबॅग झोपलेली. भरपाई निधीनं १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. तिथं पिन बसली नव्हती. नुसती चावी फिरली होती.

मनगटाचं प्लॅस्टर निघाल्यावर मावसभाऊ पुन्हा कामाला लागला. या वेळी पुण्याहून रॅलीच्या गाड्या करणारे एक जाणते मेकॅनिक आले. त्यांनी आधी कव्हर उघडून कुलपाचे बोल्ट दाखवले. त्यांना डोकंच नव्हतं. कारखान्यात आवळताना बोल्टचं डोकं मुद्दाम तुटेल असं बनवलेलं असतं, म्हणजे चोराचा पाना बसायला जागाच राहत नाही. नुसते गुळगुळीत गोल ठोकळे. ते ड्रिलनं पोखरून काढायला आख्खी संध्याकाळ गेली. सगळं घरच खाली उतरलं, पिन-स्प्रिंगसकट. दांड्याला कुठं चरा पडलाय का ते त्यांनी नखानं चाचपून पाहिलं. मग चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवलं, जॅकवर एकदा आणि जमिनीवर एकदा. आमच्या मेस्तरींनी शेजारी उभं राहून सगळं पाहिलं आणि शेवटी म्हणाले, “मी निम्मंच काढलं होतं.” त्यांच्यावर कुणी रागावलं नाही. तसं पाहिलं तर चावी त्रास देते म्हणून पोरानंच त्यांच्यामागं तगादा लावला होता.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण मेसेज येतीलच. हे रस्त्यावरच्या गाडीला करायचं नसतं. तिचं कुलूप शाबूत असू द्या. चावी झिजली असेल, अडकत असेल, तर दोन्ही बदलून घ्या. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना चिपवाला इम्मोबिलायझर आला, चोर अडवायचं बरंचसं काम आता तो करतो. पण म्हणून पिनेशी घरी खेळ करू नका.

मागच्या आठवड्यात हा भाग रेकॉर्ड करणार असं सांगितलं तेव्हा एका श्रोत्यानं विचारलं, मग रॅलीची गाडी कुणी पळवून नेणार नाही का? न लॉक, न चावी! याचं उत्तर मला आमच्या मावशीच्या घरात मिळालं. रॅलीच्या गाडीचं स्टेअरिंग चाक पिवळी कडी ओढली की दांड्यावरून सुटतं. चालकाला पिंजऱ्यातून पटकन बाहेर पडता यावं म्हणून ती सोय असते. मावसभाऊ रात्री गाडी पडवीत लावतो, चाक काढतो आणि बगलेत मारून घरात आणतो. मावशी रोज कुरकुरते, “आरं, ताटाएवढं ते चाक, ठिवायचं कुठं?” सध्या ते पिठाच्या डब्यावर असतं.