मुळशीची इटली

पिरंगुट मागे टाकून, मुठा गावावरून घाट चढून तुम्ही दासव्यात उतरता. समोर एकदम पिवळ्या, गेरूच्या, विटकरी रंगाच्या इमारती, पाण्याकाठी खेटून उभ्या. हे लवासा. पोर्तोफिनो या इटालियन बंदराचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून मुळशी तालुक्यात वसवलेलं. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने इथलं काम थांबवलं, वर्षभराने परवानगी मिळाली, आणि २०१८ मध्ये सगळं प्रकरण दिवाळखोरीत गेलं. बरेच जण इथे फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत पुण्याला परततात.

तुम्ही जरा थांबा. कठड्याला हात टेकवा आणि पाण्याकडे बघा. हे वरसगाव धरणाचं पाणी, मोसे नदीचं. धरणाला नाव आहे वीर बाजी पासलकरांचं, याच खोऱ्याच्या देशमुखांचं. आता डोळे मिटा.

वारं खारट लागतं. तारीख २२ ऑगस्ट १९५४. खऱ्या पोर्तोफिनोच्या डोंगरापलीकडे, सान फ्रुत्तुओसोच्या लहानशा खाडीत तुम्ही एका होडीत उभे आहात. शेजारच्या होडीतून येशूचा एक ब्राँझचा पुतळा पाण्यात सोडला जातोय. माणसाहून उंच, दोन्ही हात वर पसरलेले. पुतळ्याचा धातू घंटा, जहाजांचे पंखे आणि सैनिकांची पदकं वितळवून जमवलेला. याच पाण्यात १९४७ मध्ये दारिओ गोंझात्ती हा पाणबुड्या बुडून गेला, त्याच्या आठवणीसाठी हे. पुतळा सतरा मीटर खाली जाऊन टेकतो. बोटं सर्वांत शेवटी दिसेनाशी होतात.

लवाशासाठी आपण पोर्तोफिनोच्या भिंतींचे रंग आणले. डोंगरापलीकडचे हे पसरलेले हात मात्र तिथेच राहिले, आणि मुळशीला खरं तर त्यांचीच जास्त गरज होती. का, ते कळायला आणखी चार वर्षं मागे चला.

१८ जुलै १९५०. जुलै असूनही हवेत गारवा, कारण तुम्ही समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहात, ऑस्ट्रियाच्या सीमेलगत, इटलीतल्या कुरोन गावात. चर्चच्या चौदाव्या शतकातल्या दगडी मनोऱ्यातून आज घंटा उतरवतायत. दोर करकरतात. खाली माणसं टोप्या काढून उभी, कुणी बोलत नाही. विजेसाठी धरण होतंय. मूळ योजनेत पाणी थोडंच चढणार होतं, नंतर पाण्याची पातळी बावीस मीटरपर्यंत वाढवली. गाव जर्मन बोलणारं आणि योजनेची नोटीस लागली होती इटालियनमध्ये. गावचे पाद्री आल्फ्रेड रीपर पार पोपपर्यंत जाऊन आले, उपयोग झाला नाही. कुरोन आणि शेजारच्या रेसियातली मिळून १६३ घरं आणि ५२३ हेक्टर शेती पाण्याखाली जाणार. आठवड्याभरात चर्चही पाडतील, मनोरा तेवढा ठेवतील. तो आजही तळ्याच्या पाण्यात उभा आहे. हिवाळ्यात पाणी गोठलं की लोक बर्फावरून चालत त्याच्यापर्यंत जातात, आणि थंडीच्या रात्री घंटा ऐकू येतात असं सांगतात. ज्या घंटा तुमच्यादेखत खाली आल्या, त्या.

आता शेवटची खेप. ही घरचीच आहे.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. पायाखाली ऊन ऊन माती. नाकात धुराचा वास, कारण मावळात राब भाजायचे हे दिवस. शेताच्या एका तुकड्यावर शेण, वर कवळ, वर पालापाचोळा, सगळ्यावर मातीचा पातळ थर, आणि मग वाऱ्याची दिशा बघून धरलेली आग. याच राखेत आंबेमोहराचं बी पडेल, आषाढात तरवा, म्हणजे लावणीची रोपं, निघेल. वाकून चिमूटभर राख उचलता. मऊ आहे, आतून अजून गरम. "पाव्हणं, पाय जपून टाका, राब निवला न्हाई," बांधावरची बाई म्हणते आणि चालू लागते. तुम्ही तिच्या मागे.

ती धरणाच्या जागेवर जाते. टाटा कंपनीने विजेसाठी नीला-मुळेच्या संगमाजवळ बांध घालायचं काम काढलंय. न विचारता शेतात चर खणले तेव्हापासून खोरं धुमसतंय. पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार. आज हजारावर मावळे इथे जमलेत, बायका, पोरंसुद्धा. ते कुणावर हात उगारत नाहीत. खोदकामात उतरतात आणि बसतात. पहारी थांबतात. ती बाई पदराने घाम पुसते आणि हातातली माती झटकत नाही.

काम थांबतं, पण तेवढ्यापुरतंच. लढा तीन वर्षं चालतो. पांडुरंग महादेव बापटांना लोक सेनापती म्हणू लागतात ते याच लढ्यात, आणि तुरुंगही त्यांच्या वाट्याला येतो. पुढे धरण पुरं होतं, आणि मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याला पडून मुंबईला वीज देऊ लागतं.

डोळे उघडा. दासव्याहून निघालात तर थेट पुण्याला जाऊ नका, पौडवरून ताम्हिणीच्या रस्त्याला लागा. मुळशी धरणाच्या काठी गाडी थांबवा. भरलेल्या पाण्यावर मनोरा नाही, पसरलेले हात नाहीत. मे महिन्यात आलात तर पाणी उतरलेलं असेल, तांबडा काठ उघडा पडलेला असेल. खाली उतरा आणि ती माती एकदा हातात घ्या.