लहान मुलांसोबतचा 'शांत वेळ' म्हणजे काय? कर्जत-खालापूरच्या पालकांनी तो कसा काढायचा?

कर्जत ते सीएसएमटी हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. लोकलने एका बाजूचा प्रवास दोन तासांच्या आसपास. खोपोलीकरांना त्यापुढे आणखी साधारण १५ किलोमीटर. म्हणजे मुंबईत नोकरी करणाऱ्या आई-बाबांचे रोजचे चारेक तास गाडीतच जातात. सकाळी निघताना मूल झोपलेलं असतं, रात्री परतल्यावर पेंगुळलेलं. मग मुलासोबत निवांत बसायचं कधी?

शांत वेळ म्हणजे नेमकं काय?

मुलाला गप्प बसवणं म्हणजे शांत वेळ नाही. घाई, अभ्यास आणि स्क्रीन बाजूला ठेवून एकत्र घालवलेला वेळ, इतका साधा अर्थ आहे. मूल बोट दाखवतं, तुम्ही तिकडे बघून 'हो, खार आहे' म्हणता, ते पुन्हा काहीतरी बोलतं. हार्वर्ड विद्यापीठाचं बालविकास केंद्र या देवाणघेवाणीला 'सर्व्ह अँड रिटर्न' म्हणतं. भाषा आणि मेंदूची जडणघडण यातूनच होते.

स्क्रीनबद्दल काय सांगितलं जातं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार:

- २ वर्षांपर्यंत: स्क्रीन नकोच.
- २ ते ४ वर्षं: दिवसाला जास्तीत जास्त १ तास, त्याहून कमी असेल तर उत्तम.
- मूल बसून असेल तेव्हा: सांभाळणाऱ्याने वाचून दाखवावं, गोष्ट सांगावी.

घरी आणि आसपास काय करता येईल?

- रात्री: दिवा मंद करून एकच पुस्तक किंवा एकच गोष्ट. तीच गोष्ट पुन्हा हवी असेल तर पुन्हा सांगा. मुलांना ओळखीचं ऐकायला आवडतं.
- पावसाळ्यात: ओटीवर किंवा खिडकीत बसून पाऊस ऐका. पत्र्यावरचा आवाज वेगळा, पानांवरचा वेगळा. ओढे, धबधबे आणि उल्हास-पाताळगंगेच्या काठापासून मात्र लांबच राहा.
- मे अखेरीस, जूनच्या सुरुवातीला: गावाकडच्या अंधारात काजवे बघा. ते पकडू नका, टॉर्चही बंद ठेवा.
- रविवारी: कर्जत स्टेशनवर बाकावर बसून गाड्या बघा. घाट चढण्यासाठी अनेक गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं जोडतात. ती मोजण्यात मुलं रमतात.

मूल स्थिर बसतच नसेल तर?

ते अगदी स्वाभाविक आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाकडून अर्ध्या तासाची अपेक्षा ठेवू नका, पाच मिनिटांपासून सुरुवात करा. हाताला काम द्या: मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, शेंगा निवडणं. आजी-आजोबा दिवसभर सांभाळत असतील तर त्यांचा मुलासोबतचा असा वेळही तितकाच मोलाचा.

रात्रीच्या लोकलने दमून आल्यावर वेगळं काही करायची ताकद नसते, हे खरं. पण त्याची गरजही नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मुलाशेजारी दहा मिनिटं आडवं व्हा. बोलायचं की नाही, ते मूल ठरवेल.