थेंबाचे शेवटचे चार तास

सकाळी 6:50. हैदराबादच्या काचीगुड्यातल्या एखाद्या घरात होमोजिनाइज्ड दुधाचं पाकीट फुटतं. पाकिटावर '+एफ'ची खूण आहे, म्हणजे दुधात अ आणि ड जीवनसत्त्व वरून घातलंय. दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत. ती तेलाच्या थेंबांतूनच प्रवास करतात. यंत्राच्या दाबाने दुधातला स्निग्धांश एक मायक्रॉनच्या आसपास बारीक होतो आणि उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर केसीन प्रथिन चिकटतं. असं जीवनसत्त्व वाहून नेण्यासाठी प्रयोगशाळेत बनवलेलं नॅनोकवच याच्याच पुढची पायरी: 200 नॅनोमीटरचा थेंब, वर बहुधा निवळीतल्या प्रथिनाचा थर. एक ग्रॅम तेल असं फोडलं तर पृष्ठभाग 32 चौरस मीटर होतो.

पचनाचं घड्याळ इन्फोजेस्ट या आंतरराष्ट्रीय गटाच्या प्रमाण पद्धतीचं धरू: तोंडात 2 मिनिटं, जठरात 2 तास, लहान आतड्यात 2 तास.

7:00. घोट तोंडात जातो. तिथे कवचाला फारसा धक्का लागत नाही.

7:02. जठर. दुधात प्रथिनावर ऋणभार असतो, म्हणून थेंब एकमेकांना दूर ठेवतात. आम्ल वाढतं तसा तो भार ओसरतो, केसीनचा 4.6 सामूला संपतो, निवळीतल्या प्रथिनाचा 5च्या जवळ. थेंब एकमेकांना चिकटू लागतात. केसीनचं दही जमतं आणि थेंब त्यात अडकून पडतात. निवळीचं कवच मात्र सामू 3पर्यंत उतरला की धनभाराने पुन्हा सुटं होऊ शकतं.

8:00. सगळ्यात धोक्याची वेळ. निवळीतलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन घट्ट घडीत असताना जठरातल्या पेप्सिन या पाचकरसाला सहसा दाद देत नाही. पण तेलावर पसरताना त्याची घडी उलगडलेली असते, आणि पेप्सिनला नेमकी तीच जागा सापडते. कवच विरलं की थेंब एकमेकांत मिसळतात. ते दोन मायक्रॉनचे झाले, तर 32 चौरस मीटरचे जेमतेम 3 उरतात. पुढच्या पाचकरसाला काम करायला जागाच कमी पडते. थेंबाचा अकाली घात होतो तो इथे.

9:02. आतडं, सामू 7. पित्तक्षार उरलंसुरलं प्रथिन ढकलून पृष्ठभाग बळकावतात. कोलायपेजच्या आधाराने स्वादुपिंडाचं लायपेज तेलावर बसतं आणि मेदाचा रेणू तोडतं.

11:02. थेंब संपला. मेदाम्लं आणि जीवनसत्त्व पित्ताच्या सूक्ष्म पुंजक्यांतून आतड्याच्या पेशींत शिरतात, तिथून लसिकावाहिन्यांत, पुढे रक्तात.

काचीगुड्याहून जवळच, तार्नाक्यात, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. 1918 साली कुन्नूरला सुरू झालेली, 1958 मध्ये हैदराबादला आलेली. अ जीवनसत्त्वाअभावी मुलांची दृष्टी जाऊ नये म्हणून 1970 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे तिचं संशोधन होतं: 1 ते 5 वर्षांच्या मुलाला दर सहा महिन्यांनी 2 लाख आंतरराष्ट्रीय एकक, तेलात विरघळवून. या शहरात तरी नॅनोकवचाचा कस मुलाच्या पोटातच लागायला हवा. बाटलीत कवच किती महिने टिकतं, हे उत्पादक हौसेने सांगतात. 8 वाजता थेंब किती मोठे झाले होते आणि 11 वाजता किती जीवनसत्त्व शोषणाजोगं झालं, हे दोन आकडे त्यांच्याकडे आधी मागा.